टॅरंटुलाचं बीळ शोधणं, मोजणं आणि रात्री न्याहाळणं: सह्याद्रीतल्या दरडींवर काम करण्याची पद्धत

सह्याद्रीत जमिनीत बीळ करून राहणाऱ्या मोठ्या कोळ्यांच्या नोंदी हल्ली बऱ्याच होतात, पण त्यांतल्या कितीतरी पुढे कुणाच्या उपयोगी पडत नाहीत. चूक बहुतेक वेळा क्रमात असते. माणूस थेट रात्री जातो, बॅटरीचा झोत बिळात मारतो, कोळी आत पळाला की काडी घालून त्याला डिवचतो आणि फोटो मिळाला की परततो. बिळाचं माप नाही, आसपासच्या रिकाम्या जागेची नोंद नाही, आणि ज्या बिळात एखादी मादी वर्षानुवर्षं राहते त्याचं तोंड मात्र फाटलेलं.

पुढची पद्धत किलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस हा कोळी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. हा भारताबाहेर निसर्गात आढळत नाही. पश्चिम घाटातल्या उतारांवर आणि दरडींवर तो बिळं करतो, पोटावर तिरके गडद पट्टे असतात आणि बिळाच्या तोंडाशी भरपूर रेशीम पसरलेलं असतं. थ्रिग्मोपिअससारख्या इतर बिळवासी टॅरंटुलांसाठीही हाच क्रम चालतो: दिवसा शोध, दिवसाच मापं, मग रात्रीचं निरीक्षण, आणि त्यानंतर आणखी किमान दोन रात्री. कोळी बाहेर काढावा लागेल अशी एकही पायरी यात नाही आणि कुणी सुचवली तरी ती घालू नका.

## १. जागा, हंगाम आणि परवानगी

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वनविभागाच्या परवानगीशिवाय काम सुरू करू नका. तिथून कोळी, कात किंवा अंड्यांची पिशवी उचलणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार गुन्हा ठरू शकतो. खाजगी बागेत किंवा शेताच्या बांधावर मालकाला आधी सांगा, रात्री येणार आहोत हेही सांगा. अंधारात बांधावर हलणारी बॅटरी दिसली की गावात शंका येते, आणि ती रास्त असते.

जागा निवडताना माती बघा. जांभ्याच्या कडक कातळावर बीळ खोदता येत नाही आणि भुसभुशीत भरावात ते टिकत नाही. मुळांनी धरून ठेवलेली, थोडी ओल राखणारी, उभ्या उताराची माती सगळ्यात बरी. उताराचं महत्त्व पावसाळ्यात कळतं: सपाट जमिनीवरच्या बिळात पाणी साचतं, दरडीवरच्या बिळाच्या तोंडावरून ते ओघळून जातं. म्हणूनच जुन्या पायवाटांच्या कडा, ओढ्यांचे उंच काठ आणि झाडीतल्या रस्त्यांच्या दरडी आधी तपासाव्यात.

हंगाम ऑक्टोबर–नोव्हेंबरचा सोयीचा. माती ओली असते, रेशीम ताजं असतं आणि गवतातून वाट काढता येते. भर उन्हाळ्यात बऱ्याच बिळांची तोंडं बंद असू शकतात, त्यामुळे एप्रिलमधल्या आकड्यांची ऑक्टोबरशी तुलना करू नका.

सावधान: संततधार पावसात किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत दरडीखाली उभं राहू नका. वरून ताजी माती किंवा खडे सुटताना दिसले तर ती जागा त्या दिवसापुरती सोडा.

## २. सामान

- डोक्याला लावायची बॅटरी, लाल उजेडाची सोय असलेली. सोबत हातातली दुसरी बॅटरी आणि जादा सेल
- १५ सेंमीची चमक नसलेली पट्टी
- ३० मीटरची टेप
- होकायंत्र आणि कोन मोजण्यासाठी फोनमधलं ॲप
- मातीत खुपसायचा थर्मामीटर
- वही आणि पेन्सिल (पेनाची शाई दवात फुटते)
- क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि बांबूच्या ३० सेंमीच्या काड्या
- गुडघ्यापर्यंतचे गमबूट

चिमटा, डबी, कुदळ आणि पाण्याची पिचकारी यांतलं काहीही बरोबर घेऊ नका. हाताशी असलं की वापरायचा मोह होतो.

एकट्याने जाऊ नका. दोघांत एकाने बघायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, म्हणजे उजेड, वही आणि पाय तिन्ही सांभाळता येतात.

## ३. पट्टा आखणं

दरडीच्या पायथ्याने ५० मीटर टेप टाका (३० मीटरची टेप दोनदा) आणि दर ५ मीटरवर काडी रोवा. असे दहा टप्पे होतात. प्रत्येक टप्प्यात पायथ्यापासून २ मीटर उंचीपर्यंतच शोधायचं. ही उंची उताराच्या पृष्ठभागावरून मोजा, हवेत सरळ वर नाही. ४५ अंशांच्या उतारावर पृष्ठभागावरचे २ मीटर म्हणजे उभी उंची सुमारे १.४ मीटर, दोन माणसांनी दोन तऱ्हेने मोजलं तर आकडे जुळणारच नाहीत.

ज्या टप्प्यात एकही बीळ सापडलं नाही तिथे "०" लिहा. ही नोंद हमखास राहून जाते. कोळी कुठे नाही हे लिहिलं नसेल तर तो ठरावीक मातीत किंवा ठरावीक सावलीतच का आहे, हे पुढे कधीच सांगता येत नाही.

## ४. दिवसा शोध: कुठलं भोक कुणाचं?

सकाळी आठ ते दहा ही वेळ घ्या. तिरप्या उन्हात दव पडलेलं रेशीम लांबून चमकतं. एकदा डावीकडून उजवीकडे चाला, मग उलट दिशेने परत या. एका बाजूने मुळाआड दडलेलं तोंड दुसऱ्या बाजूने सहज दिसतं.

टॅरंटुलाच्या बिळाचं तोंड साधारण गोल असतं, कड गुळगुळीत असते आणि आतल्या भिंतीला लागलेलं रेशीम बाहेरच्या पाल्यावर, मुळांवर पसरलेलं असतं. जवळून पाहिलं तर हे रेशीम धाग्यांचं विणलेलं जाळं नसून दाट पांढुरकं कापड असल्यासारखं दिसतं. त्यात मातीचे कण आणि सुकी पानं अडकलेली असतात. मोठ्या मादीचं तोंड दोन ते चार सेंमीच्या आसपास, पिल्लांचं एक सेंमीपेक्षाही लहान. मोठ्या बिळाभोवती अशी छोटी तोंडं दाटीने दिसली तर तीही एकेक मोजायची असतात, कारण पिल्लं फार लांब पांगत नाहीत.

फसवणारी भोकं पुढीलप्रमाणे:

इंगळीचं बीळ. तोंड आडवं, चपटं, चंद्रकोरीसारखं. रेशीम अजिबात नाही. तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग. सर्वांत जास्त गफलत इथेच होते, कारण दोघांनाही तशाच दरडी आवडतात.

खेकड्याचं बीळ. ओढ्याजवळ, ओल्या चिखलात, तोंडाशी चिखलाचे गोळे. रेशीम नाही.

वेडा राघू आणि खंड्या या पक्ष्यांची घरटी. तोंड पाच सेंमीहून मोठं, आणि तळाशी पक्ष्याच्या पायांनी पडलेल्या दोन समांतर चरी. खाली विष्ठेचे ओघळ. घरटं चालू असेल तर तिथे थांबूच नका.

एकांड्या मधमाश्या आणि गांधीलमाश्यांची भोकं. लहान, एकाच मापाची, ओळीने किंवा दाटीने. तोंडाशी रेशमी कापड नाही.

लांडगा कोळी. बीळ लहान, कधी तोंडाभोवती काड्यांचा कठडा. रात्री खात्री पटते: बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरली की याचे डोळे ठळक चमकतात. टॅरंटुलाचे डोळे तसे चमकत नाहीत.

झाकणवाले कोळी. तोंडावर बिजागरीसारखं उघडणारं मातीचं झाकण. झाकण उचलून बघू नका. त्याचं रेशमी बिजागर सहज तुटतं.

तपासा: रेशीम आहे का? तोंड गोल आहे का? कड गुळगुळीत आहे का? तिन्हींची उत्तरं "हो" असतील तर नुसता क्रमांक द्या. दोनच "हो" असतील तर "अनिश्चित" लिहून क्रमांकासमोर प्रश्नचिन्ह घाला. रात्री निकाल लागेल.

क्रमांकाची काडी बिळाच्या डावीकडे ३० सेंमी अंतरावर रोवा. तोंडाच्या वर कधीच नाही, कारण रोवताना सुटलेली माती थेट बिळात जाते. रंगाने खूण करू नका.

सावधान: जांभ्याच्या फटीत आणि पाल्यात हात घालू नका. कोकणातल्या अशाच जागी फुरसं बसलेलं असतं, आणि त्याचा रंग मातीत इतका मिसळतो की हातभर अंतरावरूनही दिसत नाही. पाला बाजूला करायचाच असेल तर लांब काठीने करा.

## ५. बिळात कुणी राहतं का?

ताजं रेशीम पांढरं आणि ताणलेलं असतं. जुनं मळकट होतं, फाटतं, त्यावर धूळ बसते. तोंडातच पडलेलं आणि हललेलं नसलेलं पान, आडवं विणलेलं दुसऱ्या लहान कोळ्याचं जाळं, आत-बाहेर करणाऱ्या मुंग्यांची रांग, ही सोडून दिलेल्या बिळाची लक्षणं. उलट तोंडाशी भुंगेऱ्यांचे कठीण पंख, झुरळांचे पाय किंवा बाहेर टाकलेली कात दिसली तर मालकीण बहुधा घरात आहे.

रेशीम आणि मातीने बंद केलेलं तोंड म्हणजे रिकामं बीळ नव्हे. कात टाकताना, अंड्यांची पिशवी सांभाळताना किंवा कोरड्या दिवसांत कोळी तोंड आतून बंद करून घेतो. कात टाकताना त्याचं शरीर मऊ असतं, त्याला पळताही येत नाही आणि स्वतःचा बचावही करता येत नाही. त्या वेळी बूच फोडलं तर मुंग्या थेट आत शिरतात. अशा बिळापुढे "बंद" एवढंच लिहा.

## ६. मापं

मापं दिवसाच घ्या. तेव्हा कोळी आत खोलवर असतो. कॅलिपरचे जबडे तोंडात घालू नका, रेशीम फाटतं. त्याऐवजी पट्टी तोंडाच्या कडेला, तोंडाच्याच पातळीत धरून समोरून फोटो घ्या आणि माप फोटोवरून काढा.

इथे बारीक चूक मोठी ठरते. कॅमेरा बिळापासून ३० सेंमीवर असताना पट्टी ३ सेंमी पुढे, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला आली, तर पट्टी प्रमाणापेक्षा मोठी दिसते आणि ३ सेंमीचं तोंड २.७ सेंमी भरतं. दहा टक्के फरक! वाढीच्या टप्प्यांत पिल्लं आणि प्रौढ वेगळे करायचे असतील तर तेवढ्यानेच सगळं बिघडतं. पट्टी आणि तोंड दोन्ही एकदम स्पष्ट फोकसमध्ये आहेत का ते पडद्यावर मोठं करून बघा.

प्रत्येक बिळासाठी एवढं लिहा: तोंडाचा आडवा आणि उभा व्यास, पायथ्यापासून उंची, उताराचा कोन, तोंडाची दिशा, सगळ्यात जवळच्या बिळापर्यंतचं अंतर, मातीचा प्रकार, वर मुळं किंवा झुडूप आहे का. मातीचं तापमान बिळापासून ३० सेंमी दूर, १० सेंमी खोलीवर घ्या. थर्मामीटर बिळात घालू नका.

बिळाची खोली मोजायची नाही. तार किंवा काडी घालून मिळणारा आकडा तसाही चुकीचा असतो, कारण बीळ वळतं आणि काडी पहिल्या वळणावरच अडते. त्या एका निरुपयोगी आकड्यासाठी आतलं अस्तर खरवडलं जातं.

नमुना नोंद अशी दिसावी:

*क्र. ७, टप्पा २. तोंड ३१ × २८ मिमी. उंची ९० सेंमी. उतार ७० अंश, तोंड ईशान्येकडे. तांबडी माती, वर लोंबती मुळं, खाली शेवाळ. रेशीम ताजं, डावीकडे ६ सेंमी पसरलेलं. तोंडाशी भुंगेऱ्याचे दोन पंख. क्र. ८ पासून ४० सेंमी.*

## ७. रात्रीचं निरीक्षण

सूर्यास्तानंतर पाऊण तास ते तासाभराने सुरुवात करा. हा कोळी शिकारीमागे धावत फिरत नाही. पुढचे पाय तोंडाशी रेशमावर टेकवून बसतो आणि रातकिडा, झुरळ किंवा भुंगेरा रेशमाला लागला की झडप घालतो. त्याची नजर कमजोर असते, पण पायांवरचे केस हवेची झुळूक टिपतात आणि पायांतली संवेदी अवयवं जमिनीची थरथर ओळखतात. त्यामुळे तुमच्या बोलण्यापेक्षा तुमची पावलं जास्त अडचण करतात. क्रमाने असं करा:

1. बिळापासून पाच मीटरवर पांढरा उजेड बंद करून लाल लावा.
2. सावकाश चालत दीड मीटरवर येऊन थांबा. टेकू नका, दरडीला हात लावू नका, मुळं धरू नका.
3. दहा मिनिटं हालचाल न करता थांबा. हीच पायरी लोक गाळतात, आणि नेमकं त्यामुळेच "बीळ रिकामं" अशा चुकीच्या नोंदी होतात.
4. पुढची पाच मिनिटं निरीक्षण करा. उजेड तोंडावर थेट न पाडता कडेने पाडा.
5. अवस्था आकड्यात लिहा: ० म्हणजे दिसला नाही, १ म्हणजे फक्त पायांची टोकं, २ म्हणजे अर्धं शरीर बाहेर, ३ म्हणजे पूर्ण बाहेर.
6. वेळ, तापमान, पाऊस आणि चांदणं लिहा.
7. फोटो सगळ्यात शेवटी, फ्लॅश दोनदाच.

तुमच्या येण्यामुळे कोळी आत पळाला तर "०" लिहू नका, "दचकला" लिहा. हे दोन शब्द एकाच रकान्यात मिसळले की पुढचा सगळा हिशोब खोटा ठरतो. त्या बिळाकडे फेरीच्या शेवटी परत या.

पुढचे पाय उंच उचललेले दिसले किंवा फुसफुस आवाज आला तर मागे सरका. किलोब्रॅकिसच्या जबड्यांच्या बाजूला एकमेकांवर घासून आवाज काढणारे राठ केस असतात. तो आवाज म्हणजे शेवटची सूचना. आशियातल्या टॅरंटुलांना अमेरिकेतल्या कित्येक जातींसारखे पोटावरचे खाज आणणारे केस उडवता येत नाहीत. पळणं आणि चावणं एवढेच उपाय त्यांच्याकडे उरतात, आणि दोन्ही ते फार वेगाने करतात.

चावल्यास: जागा साबण-पाण्याने धुवा, थंड पट्टी ठेवा, चिरा देऊ नका, दोरी बांधू नका आणि दवाखान्यात जा. तीव्र वेदना, सूज आणि स्नायूंत गोळे येणं शक्य आहे. अंधारात काय चावलं ते दिसलं नसेल तर ते सापाचं आहे असं धरून अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठा.

गांधीलमाशी बधिर झालेल्या कोळ्याला ओढत नेताना दिसली तर मध्ये पडू नका. ती त्याच्यावर अंडं घालते, आणि अळी त्यावर वाढते. दंश झालेला कोळी "सोडवला" तरी त्याचं नुकसान होऊन गेलेलं असतं. माशी कुठून कुठे, किती वेळ आणि कुठल्या क्रमांकाच्या बिळाजवळ दिसली, हे लिहा. अशा नोंदी फार मोलाच्या असतात.

बीळ रिकामं आहे असं म्हणण्यासाठी तीन वेगवेगळ्या रात्री "०" यायला हवं आणि दिवसा रेशीम जुनं दिसायला हवं.

## ८. प्रजात लिहिताना

रंगावर विसंबू नका. कात टाकण्याआधी मळकट तपकिरी दिसणारा कोळी कात टाकल्यावर गडद आणि जांभळट झाक मारणारा दिसतो. पक्की ओळख प्रौढ नराच्या स्पर्शपादांच्या (तोंडाजवळच्या पायांसारख्या आखूड अवयवांच्या) टोकाच्या आणि मादीच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून करतात. ते दरडीपाशी उभं राहून शक्य नसतं. बिळाचा आणि कोळ्याचा चांगला फोटो असेल तर "किलोब्रॅकिस, प्रजात अनिश्चित" हीच प्रामाणिक नोंद. खात्री नसताना जातीचं नाव लिहिण्यापेक्षा ती कितीतरी उपयोगी.

बिळाबाहेर भटकणारा, लांब सडपातळ पायांचा आणि स्पर्शपादांची टोकं फुगीर असलेला कोळी दिसला तर तो मादीच्या शोधातला प्रौढ नर असतो. त्याला जवळच्या बिळाचा रहिवासी म्हणून मोजू नका. वेगळ्या पानावर लिहा. राखाडी-पांढऱ्या नक्षीचा चपटा कोळी झाडाच्या खोडावर किंवा भिंतीवर दिसला तर तो पिसिलोथेरिया असण्याची शक्यता जास्त. तो झाडांवर राहतो, आणि या गटातल्या सगळ्या जाती २०१९ पासून सायटिस कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहेत.

## ९. हिशोब

५० मीटर लांब आणि २ मीटर उंच पट्टा म्हणजे १०० चौरस मीटर. त्यात १४ बिळांत वस्ती पक्की, ३ बंद आणि ५ अनिश्चित असतील तर "१०० चौ.मी.मध्ये १४ पक्की, ३ बंद, ५ अनिश्चित" असंच लिहा. २२ असा एकच आकडा देऊ नका. ५ मिमीच्या गटांत तोंडाचे व्यास मांडले की पिल्लं, मधल्या वयाचे आणि मोठ्या माद्या यांचं प्रमाण दिसतं. लहान तोंडं मुळीच नसतील तर ती वस्ती आकड्यांत भरलेली दिसली तरी काळजीची आहे, कारण माद्या वर्षानुवर्षं जगतात आणि नवी पिढी येत नसल्याचं बराच काळ लक्षातच येत नाही.

## १०. जागा जाहीर न करणं आणि खुणा काढणं

या कोळ्यांना परदेशातल्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात मागणी आहे. एक दरड, एक फोटो आणि नेमकं ठिकाण एवढ्यावर संपूर्ण वस्ती उकरली जाऊ शकते. फोटो टाकण्याआधी त्यातलं जीपीएस काढा. मागे रस्त्याचा दगड, वळण, देऊळ दिसत असेल तर फोटो कापा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जिओप्रायव्हसीमध्ये ठिकाण अंधुक करण्याचा पर्याय निवडा. नेमका बिंदू मग ०.२ अंशाच्या चौकोनात लपतो. गावाचं नाव मथळ्यात लिहून मग नकाशा लपवण्यात अर्थ नाही. नेमकी माहिती वनविभागाला किंवा संशोधकाला थेट द्या.

शेवटच्या रात्रीनंतर सगळ्या काड्या मोजून परत घ्या. दहा टप्प्यांच्या ११ आणि बिळांच्या जेवढ्या असतील तेवढ्या. पुन्हा तोच पट्टा मोजायचा असेल तर एका पक्क्या खुणेपासून, मोठ्या झाडापासून किंवा मोरीपासून, सुरुवातीच्या काडीपर्यंतचं अंतर आणि दिशा वहीत लिहून ठेवा. पुढची फेरी त्याच महिन्यात घ्या. मे महिन्यात पावसाळ्याआधी रस्त्याच्या कडा जेसीबीने तासतात, म्हणून तुमच्या पट्ट्यावर असं काम निघणार आहे का, हे एप्रिलमध्येच ग्रामपंचायतीत किंवा सार्वजनिक बांधकाम विभागात विचारून ठेवा आणि तासणी टाळता येईल का तेही विचारा.